कोळशामागून डाळजला

परत येऊन महिना होत आला. शेजारच्या बायका अजून विचारतात, "बारामतीकडचा ऊस कसा असतो गं? साखर कारखाना पाहिलास का?" ऊस पाहिला. कारखान्याची चिमणीही लांबून पाहिली. पण सांगायला बसले की बोलणं भलतीकडेच वळतं आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे उतरतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मी घुग्घुसला राहते, चंद्रपूरजवळ. आमच्याकडे अंगणात वाळत घातलेला सदरा संध्याकाळी काढला की झटकून घ्यावा लागतो, इतकी कोळशाची धूळ. मी एका व्यापाऱ्याच्या प्रयोगशाळेत कोळसा तपासते. त्यात राख किती, ओल किती, जळताना काय होतं, हे बघायचं. या वर्षी आमचा थोडा कोळसा रेल्वेने पार भिगवणला गेला. तिथल्या प्रतापराव नावाच्या एका इंजिनियरने कोळशापासून गॅस बनवून त्यावर वीज काढायचा छोटा प्लांट उभारला होता. आमचा कोळसा त्याच्या भट्टीला मानवतो का आणि निघणारा गॅस कसा आहे, हे तपासायला मला पाठवलं. काचेच्या नळ्यांचं एक उपकरण लाकडी पेटीत घालून, ती पेटी मांडीवर घेऊन मी निघाले. गाडीतल्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

बारामती

पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते धुणं. प्रतापरावांच्या बारामतीतल्या घराच्या गच्चीवर पांढरी धोतरं आणि चादरी वाळत होत्या, आणि त्या खरंच पांढऱ्या होत्या. मी हात लावून बघितलं. त्यांची बायको हसली. "तुमच्याकडं असं नसतं का?" मी म्हटलं, "आमच्याकडे पांढरं कुणी घेतच नाही."

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि ताकाचा तांब्या. आम्ही भातखाऊ माणसं, तरी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. प्रतापराव जेवता जेवता ताटाच्या कडेला बोटाने आकृत्या काढत होते. चाळिशीचा, उत्साही, मोकळा माणूस. गुजरातेत भट्ट्यांवर नोकरी करून परत आला होता. बारामतीकडे तेव्हा रोज वीज जायची. शेतकरी मोटरपाशी बसून राहायचे. "मॅडम," ते म्हणाले, "वीजकेंद्रात कोळसा सरळ जाळतात, म्हणून तो धूर, ती राख. आधी कोळशाचा गॅस करा, गॅस धुवून घ्या, मग जाळा. चिमणीतनं धूर दिसणार नाही. उद्या मोठमोठ्या केंद्रांना हेच करावं लागंल. मी नुसतं छोटं करून दाखवतोय. दूध थंड करायचं केंद्र आणि एक डाळमिल चालवून दाखवली तरी पुष्कळ."

मला ते पटलं. आमच्या गावाच्या आकाशाकडे बघत वाढलेल्या कुणालाही पटेल.

मग ते म्हणाले, "आमचा गॅस इतका साफ निघतो, की वाससुद्धा येत नाही. नाक लावून बघा!"

कोळसा अर्धवट जाळून जो गॅस निघतो, त्यात विष असतं. कच्च्या गॅसला डांबराचा, सडक्या अंड्यांचा वास असतो. डोळे चुरचुरतात, माणूस आपोआप लांब पळतो. धुवून धुवून ते सगळं काढून टाकलं की उरतं ते विष तितकंच असतं, फक्त आता ते दिसत नाही आणि कळत नाही. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण त्यांना त्याचा अभिमान वाटत होता आणि मला भीती वाटली, इतकाच फरक.

ही भीती माझी जुनी आहे. आमच्याकडे शेगडी अंगणात पेटवतात आणि धूर संपला की आत आणतात. मी शाळेत असताना आमच्या चाळीतलं एक जोडपं थंडीत लाल निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन, दार लावून झोपलं. सकाळी दार तोडलं तेव्हा मी गर्दीत उभी होते. दोघांचे गाल गुलाबी होते, निखाऱ्यांतून निघणाऱ्या याच गॅसने होतात तसे. आई म्हणाली, "अगं, झोपलेत नुसते." ते झोपले नव्हते.

डाळज

दुसऱ्या दिवशी जीपने भिगवणजवळच्या डाळजला, प्लांटवर निघालो. वाटेत उसाची एक ट्रॉली आडवी झाली होती आणि अर्धा रस्ता उसाने भरला होता. ट्रॅक्टरवाला बिडी ओढत उभा होता, आणि येणारे-जाणारे उतरून एकेक ऊस मोडून खात होते. आमच्याकडे कोळशाचा ट्रक उलटला तर बायका टोपल्या घेऊन धावतात, पण मुकाट्याने. इथे मात्र जत्रेसारखं वातावरण. प्रतापरावांनी मलाही एक कांडं आणून दिलं. मांडीवर काचेची पेटी, हातात ऊस, अशी मी डाळजला पोचले.

सोलापूर रस्त्यापासून थोडं आत, उघड्या माळावर प्लांट होता. उंच लोखंडी भट्टी. वरून कोळसा टाकायचा, खालून हवा आणि वाफ सोडायची. तिथून निघालेला गॅस जाड नळाने एका उभ्या टॉवरमध्ये जायचा. टॉवरमध्ये दगडांच्या थरांवरून पाणी पडायचं आणि गॅसमधलं डांबर धुवून निघायचं. पुढे गाळणी, पुढे इंजिन, इंजिनाला जोडलेला जनरेटर. सगळं स्वच्छ रंगवलेलं. दारावर आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण होतं, कारण पुढच्या बुधवारी पुण्याहून पाहुणे प्लांट बघायला यायचे होते.

भट्टी चालवायला दोघे सख्खे भाऊ होते. थोरला बिरा, बोलायला कमी. धाकटा सोपान त्याच्या अगदी उलट. इंजिनाच्या आवाजातही त्याची शीळ ऐकू यायची. मनगटातलं घड्याळ डांबराने खराब होऊ नये म्हणून त्याने त्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली होती. त्यांच्या घरची पूर्वी मेंढरं होती. म्हातारे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत, तरुणपणी कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचे. आता कळप नाही. थोडी जमीन आणि मुलांची ही नोकरी. त्यांचं घर रस्त्याच्या पलीकडेच होतं. बाईमाणूस म्हणून माझी सोय तिथेच केली होती.

बिराची बायको कमल. तिने मला पहिल्या सकाळी हुलग्याचं माडगं दिलं. कुळथाच्या पिठाची ती गरम, पातळ, गुळाची पेज पिऊन प्रवासाचा शीण गेला. मी तिला म्हटलं, आमच्याकडे हे कुणी करत नाही. ती म्हणाली, "मग तुमच्याकडं सकाळी काय पित्यात? कोळसा?" आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसली.

मग सहज म्हणाली, "बाई, तुमच्यापाशी डोकेदुखीची गोळी हाय का? ह्यांचं डोकं रोज दुखतंय. सोपानभावजींचं बी. संध्याकाळी आलं की उलटी व्हतीया. पित्त म्हणत्यात."

"सुट्टीच्या दिवशी दुखतं का?"

तिने आठवून बघितलं. "न्हाय बा. सुट्टीला न्हाय दुखत."



भट्टीवर

तीन दिवस मी गॅस तपासत होते. नळातून रबरी फुग्यात गॅस भरायचा, काचेच्या नळ्यांत घ्यायचा, एकेका औषधातून फिरवायचा आणि किती शोषला जातो ते बघायचं. गॅस चांगला होता. जळण म्हणून चांगला, म्हणजेच माणसासाठी वाईट. जे जळतं, तेच मारतं.

आमच्या कोळशाची राख जास्त. ती भट्टीत वितळून तिचे दगडासारखे गोळे बनत होते. ते फोडायला बिरा आणि सोपान भट्टीच्या डोक्यावर चढून, भोकांची झाकणं काढून, लांब सळई आत खुपसत. झाकण काढलं की भोकातून गॅस बाहेर येई. कधी पेटून ज्वाला उठे. शुक्रवारी एका भोकातून अशी ज्वाला आली की सोपानच्या भुवया जळाल्या. तो खाली आला आणि आरशात बघून म्हणाला, "आता माझं लगीन कोण जमवणार?" सगळे हसले. मी मागे सरकून भिंतीला टेकले. ज्वालेची भीती मला नव्हती, ती दिसते तरी. जो गॅस न पेटता त्यांच्या तोंडासमोरून जात होता, त्याची भीती होती.

इंजिनाच्या खोलीतली हवा मी तपासली. उपकरणाने काहीच दाखवलं नाही. प्रतापराव खूश झाले. "बघा! गळती नाही."

"तसं नाही," मी म्हटलं. "माझं उपकरण जाड नजरेचं आहे. नळातला गॅस त्याला दिसतो. खोलीत अगदी थोडा असेल तर दिसत नाही. पण डोकं दुखायला तेवढा पुरतो."

ते गंभीर झाले. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी त्याच दुपारी इंजिनाच्या खोलीची मागची भिंत पाडून जाळी बसवायला सांगितलं. भोकावर एकट्याने जायचं नाही, असंही सांगितलं. मी म्हटलं, हवेतला गॅस ओळखणारं यंत्र मागवा, आणि ते येईपर्यंत भट्टी बंद ठेवा. ते म्हणाले, "बुधवार होऊ द्या मॅडम. बुधवारनंतर लगेच."

संध्याकाळी अंगणात सोपान माझ्याजवळ येऊन बसला. "बाई, तुमच्याकडं खरंच वाघ हायत? गावात येत्यात?"

"कधी कधी येतात."

"मग भ्या न्हाय वाटत?"

"वाटतं. पण वाघाची चाहूल लागते. माकडं ओरडतात. जवळ असला तर वासही येतो."

तो म्हणाला, "आन् आमच्या गॅसला वास न्हाय."

"म्हणूनच सांगते. वास आला नाही म्हणजे गॅस नाही, असं समजू नकोस. डोकं जड झालं की सरळ बाहेर ये."

"व्हय व्हय," तो म्हणाला. लहान मुलाने आईला म्हणावं तसं.

पळसदेवचं पाणी

रविवारी भट्टी बंद होती. आबा म्हणाले, "पोरी, सारखी त्या भट्टीकडं बघती. चल, पानी दावतो."

पळसदेवजवळ उजनी धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं होतं. मार्च असल्याने ते उतरायला लागलं होतं. एका कोळ्याच्या होडीतून आम्ही गेलो. मी, आबा, कमल आणि सोपान. पाण्यातून जुन्या देवळाचं दगडी शिखर वर आलेलं. आबांनी होडीच्या कडेने हात पाण्यात बुडवला आणि शिखराच्या पलीकडे दाखवलं. "तितं आमचं घर व्हतं. वाडगं बी तितंच. मेंढरं बसायची." त्यांच्या आवाजात रडगाणं नव्हतं. शेजारच्या गल्लीतलं घर दाखवावं तसं दाखवलं.

उथळ पाण्यात उंच पायांचे गुलाबी-पांढरे पक्षी थव्याने उभे होते, माना वाकवून चिखल चाळत होते. इतके पक्षी मी आयुष्यात एकत्र पाहिले नव्हते. होडी जवळ गेल्यावर ते उठले, आणि पंखांच्या आतला लाल रंग आभाळभर झाला. सोपानने दोन्ही बोटं तोंडात घालून शीळ घातली. कमल त्याला ओरडली. काठावर कोळ्याच्या बायकोने चिलापी मासा तिखट-मिठात घोळून तळून दिला. आम्ही तो वर्तमानपत्रावर घेऊन बोटं भाजत खाल्ला.

त्या दिवशी मी भट्टी विसरले होते. परत येताना मात्र माळावरचा टॉवर दुरून दिसला, आणि मी नकळत मोजत बसले, या घरातल्या माणसांपैकी उद्या कोण कोण तिथे जाणार.

मंगळवार

सोमवारपासून गॅसचा जोर कमी झाला होता. धुण्याच्या टॉवरच्या तळाशी डांबर साचून वाट तुंबली होती. प्रतापरावांनी भट्टी बंद करून घेतली, टॉवरच्या तळाचं झाकण उघडायला लावलं आणि सांगितलं, "संध्याकाळपर्यंत असंच उघडं राहू दे, हवा खेळू दे. मी आल्याशिवाय आत जायचं नाही." मग ते पाहुण्यांच्या खुर्च्या आणि मांडव बघायला भिगवणला गेले.

दुपार टळत होती. मी शेडमध्ये नळ्या धूत होते. टॉवरकडून बादली पडल्याचा आवाज आला. नंतर काहीच नाही. शीळ बंद झाली होती, हे माझ्या मागाहून लक्षात आलं. त्या वेळी एवढंच जाणवलं की माळावर फार शांत वाटतंय.

मी धावले. झाकणाच्या भोकातून, जिथून माणूस वाकून आत जाईल, तिथून मला सोपानचे पाय दिसले. तो पालथा पडला होता. घड्याळाची प्लास्टिकची पिशवी डांबरात चमकत होती.

बिरा माझ्या आधी पोचला होता. नंतर त्याने डॉक्टरांना सांगितलं, की सोपानने आत डोकं घालून नाकाने जोरात वास घेतला होता आणि म्हणाला होता, "काय न्हाय, साफ हाय. मालक यायच्या आत उरकून टाकतो."

बिरा खाली वाकला. त्याचं डोकं आणि खांदा आत गेला. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि सगळं वजन टाकून जमिनीवर बसले. तो बाहेर ओढला गेला.

"सोडा!"

"आत जाऊ नकोस. दोन श्वासांत पडशील. दोघेही मराल."

"माझा भाऊ हाय त्यो! सोडा म्हंतो ना!"

त्याने कोपर मारलं. माझा ओठ फुटला, चष्मा उडाला. मी सोडलं नाही. कोळसा वाहणारे दोघे गडी धावत आले आणि काय करावं न कळून उभे राहिले. रस्त्यापलीकडून कमल ओरडत आली. तिला फक्त हेच दिसलं असणार, की परगावची एक बाई तिच्या नवऱ्याला धरून बसलीय.

"बाई, सोडा त्यांना! भावजी आत हायत!"

"कमल, ऐक. हा आत गेला तर बाहेर येणार नाही. तूही धर."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. मग तिने पुढे येऊन नवऱ्याचे दोन्ही दंड धरले.

मी गड्यांना ओरडून सांगितलं. इंजिन सुरू करायला दाबाच्या हवेची टाकी होती, तिची लांब नळी आणा. एकाने ती ओढत आणली. कमलने बिराला धरून ठेवलं, तेवढ्यात मी नळीचं तोंड भोकातून आत सरकवलं, सोपानच्या डोक्याच्या दिशेने, जमेल तितकं, आणि हवा सोडायला सांगितली. फुस्स करून आवाज सुरू झाला. दुसऱ्या गड्याने दोर आणला.

आणि मग बिराला पुन्हा धरून थांबायचं होतं. हवा आत जाऊन गॅस बाहेर निघेपर्यंत. किती वेळ ते सांगता येणार नाही. कुणी घड्याळ बघितलं नाही. त्या फुसफुसण्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं. बिरा आता झटापट करत नव्हता. तो भोकाकडे बघत होता आणि भावाच्या नावाने हळूहळू हाका मारत होता, झोपलेल्याला उठवावं तसं. "सोपान्या. ए सोपान्या. ऊठ की." आत पाय हलत नव्हते. मला वाटत होतं, मी एका माणसाला मरू देतेय. मला वाटत होतं, सोडून द्यावं. हात मात्र घट्ट होते.

मग मी बिराच्या कमरेला दोर बांधला. "बाहेर छाती भरून घे. आत श्वास घ्यायचा नाही. पाय धर आणि दोर हलव. नाही जमलं तरी आम्ही ओढणार."

तो आत गेला. दोर हलला. आम्ही सगळ्यांनी ओढलं. आधी बिरा आला, आणि त्याच्या हातात धरलेले सोपानचे घोटे.

उघड्यावर आणून उताणा केला. डांबर पुसलं. कमल एकदम म्हणाली, "बगा की, ओठ कसं लाल हायत! चांगला दिसतोय. काय न्हाय झालं भावजींना."

ओठ खरंच लाल होते, पान खाल्ल्यासारखे. नखंसुद्धा. मला चाळीतलं ते दार आठवलं. त्याच्या तोंडाला तोंड लावून हवा भरू लागले. आमच्या गावी खाणीतल्या लोकांना हे शिकवतात, आम्हालाही एकदा शिकवलं होतं. भरत राहिले. कधीतरी त्याच्या घशातून घरघर झाली आणि छाती आपली आपण हलली.

आबा केव्हा आले ते कळलं नाही. म्हातारा सोलापूर रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा होता. दुधाचा एक टेम्पो करकचून थांबला. कॅन रस्त्याकडेला उतरवले. वेल्डिंगसाठी आणलेलं ऑक्सिजनचं नळकांडं गड्यांनी टेम्पोत चढवलं, आणि त्याची नळी सोपानच्या नाकाशी धरून मी मागे बसले. बिरा समोर बसला होता, भावाचं डोकं मांडीवर घेऊन. बारामतीपर्यंत त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

पुन्हा बारामती

बुधवारी पाहुणे आले नाहीत, त्यांना कळवलं होतं. प्रतापराव दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. मला बघून म्हणाले, "वास मीच काढून टाकला, मॅडम. त्याच्यावर किती खर्च नि किती कष्ट केले!" त्यांच्या बायकोने सगळ्यांसाठी डबा पाठवला होता. तो कुणी उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सोपानने डोळे उघडले. आबांना ओळखलं. सगळ्यांना रडू आलं. मग तो म्हणाला, "आबा, मेंढरं आली का?"

आबा म्हणाले, "आली, बाळा."

थोड्या वेळाने पुन्हा, "आबा, मेंढरं आली का?"

कळप विकला तेव्हा सोपान लहान होता. आबा दर वेळी तेच उत्तर देत होते, दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं. कमल त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती, कारण त्याला ती लावता येत नव्हती. मी उंबऱ्यात उभी राहिले तर त्याने माझ्याकडे बघितलं आणि पाहुण्या बाईला बघून हसावं तसा हसला. वाघांबद्दल काही विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले, तरुण आहे, सुधारेल. किती सुधारेल आणि कधी, ते आज सांगता येत नाही. यात कधी कधी माणूस बरा होतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा बिघडतो. हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी प्रतापरावांना सांगितलं. आबांना कोण सांगणार, हा प्रश्न होता. शेवटी प्रतापराव आत गेले. दारातून मला फक्त आबांची पाठ दिसत होती. ती हलली नाही.

बिरा मात्र माझ्याशी बोलत नव्हता. कमलशीही नाही. ती मला म्हणाली, "रागात हायत. तुमच्यावर न्हाय, माझ्यावर. मी धरलं ना." मग म्हणाली, "पुन्यांदा तसं झालं, तर पुन्यांदा धरीन."

भिगवण स्टेशन

निघायच्या दिवशी मला स्टेशनवर सोडायला बिराच आला, प्रतापरावांची मोटरसायकल घेऊन. मी पेटी मधे धरून मागे बसले. प्लांटसमोरून गेलो तेव्हा त्याने मान वळवली नाही. मी बघितलं. भट्टी थंड होती, मांडवाचे बांबू तसेच उभे होते. प्रतापराव पुन्हा चालू करतील का, ते मला माहीत नाही. मी अहवालात जे लिहायचं ते लिहिलं आहे.

फलाटावर आम्ही बाकावर बसलो. गाडीला उशीर होता. ऊन मावळतीला चाललं होतं. बिराने दोन चहा आणले. बऱ्याच वेळाने तो समोरच्या रुळांकडे बघत म्हणाला, "बाई, एक इचारू?"

"विचार."

"तितं तुमचा भाऊ असता तर?"

मला खोटं बोलता आलं नाही. "मी धावले असते. मलाही कुणीतरी धरावं लागलं असतं."

"आन् धरनाऱ्याला तुमी माफी दिली असती?"

मी चहाचा रिकामा कप बाकावर ठेवला. तो वाट बघत होता, रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखा.

गाडी आली. त्याने माझी पेटी आत चढवली, बाकाखाली सरकवली, हलवून बघितली की काच वाजत तर नाही ना. मग खाली उतरला आणि खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला.

"तुमी सोडलं असतं तर मी आत मेलो असतो," तो म्हणाला. "ते कळतंय मला. दाक्तरबी तेच म्हनले. पर त्यो आत पडला व्हता, आन् मी भाईर बसून व्हतो. आता त्याला सुद आली की त्यो इचारील, दादा, तू काय केलंस."

"मग सांग, मी तुला धरलं होतं. माझं नाव सांग."

त्याने मान हलवली. गाडीने धक्का दिला. तो दोन पावलं बरोबर चालला.

"न्हाय. तुमचं न्हाय सांगायचो, तिचं बी न्हाय. मी थांबलो व्हतो, येवढंच सांगीन. फुडं त्यानं काय समजायचं ते त्याचं त्यो समजंल."